कुत्र्याची नाडी कुठे लागते?

पंचवीस वर्षं मी माणसांच्या नाड्या बघतोय. तरी गेल्या मे महिन्यात आमची राणी भर दुपारी गच्चीवर अडकली आणि धापा टाकत जिन्यात आडवी झाली, तेव्हा मी सवयीने तिचा पुढचा पाय धरून मनगटाशी नाडी शोधत बसलो. काही लागेना. माझ्याच छातीत धडधडायला लागलं.

फोनवर पशुवैद्य म्हणाले, "डॉक्टर, मांडीत बघा." मागच्या पायाच्या आतून, मांडी जिथे पोटाला मिळते तिथे, बोटं सपाट टेकवली आणि नाडी लागली, भरभर पळणारी. मग त्यांनी ओठ उचलून हिरड्या बघायला लावल्या. निरोगी हिरडी गुलाबी असते. दाबली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत रंग परततो. राणीच्या लालभडक होत्या. (काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघा.)

कुत्र्याला घाम येतो तो फक्त तळपायांना, तोही जेमतेम. अंगातली उष्णता बाहेर जाते मुख्यतः धापेतून. म्हणून तोंड बांधू नका आणि ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, आतली गरमी कोंडते. "आधी थंड करा, मग आणा," असं त्यांनी बजावलं. आम्ही पंख्याखाली तिच्या पोटावर, मांड्यांवर साधं पाणी ओतत राहिलो आणि मगच गाडी काढली. दोन दिवस सलाइन लागलं, पण राणी वाचली.

मांजराबद्दल मला पेशंटचे फोन येतात: "अंग गरम लागतंय, अर्धी पॅरासिटामॉल देऊ का?" अजिबात नको! कुत्र्या-मांजरांचं नेहमीचं तापमानच साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्या हाताला ते गरमच लागणार. आणि मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉल पचवता येत नाही. अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो. मांजर तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल तर मात्र फोनही करत बसू नका, थेट पशुवैद्याकडे न्या.

आज रात्री तुमचं जनावर शेजारी गाढ झोपलं की छातीची वरखाली मोजा. मिनिटाला तीसच्या आत असावी. जागं झालं की मांडीतली नाडीही शोधून ठेवा. राणीला आता त्याची इतकी सवय झालीय, की मी बोटं पुढे केली की ती स्वतःच पाय वर करते.