फायबरची नाव आणि गोडं पाणी

जळगावकडे नाव म्हटलं की पुण्याचे मित्र हसतात. केळी, कापूस, वांग्याचं भरीत आणि 45 डिग्रीचं ऊन हे आमचं, होड्या-बिड्या कोकणातल्या! पण तापीवर हतनूरचं धरण झालं आणि पाणी मागे पार चांगदेवपर्यंत पसरलं. तापी-पूर्णेचा संगम तिथलाच. मामांच्या गावातल्या काही जणांची शेतं पाण्यापलीकडे राहिली, मग नाव आलीच. आधी लाकडी होती, नंतर मामांनी एक जुनी फायबरची घेतली. अठरा फुटांची. मजूर, खताच्या गोण्या, जेवणाचे डबे, कधी एखादी शेळी... सगळं तिच्यातून जातं.

2023 ची महाशिवरात्र 18 फेब्रुवारीला होती. चांगदेव-मुक्ताईची यात्रा आटोपली आणि मामांनी नाव काठावर ओढून पालथी केली. वरचा निळा रंग पार उडाला होता. हात फिरवला की बोटांना खडूसारखी पूड लागायची. हे उन्हाचं काम. फायबरच्या नावेवर बाहेरून जेलकोट नावाचा गुळगुळीत थर असतो, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तो ऊन खाऊन खाऊन असा भुगा होतो. त्यावर इलाज सोपा. पाण्याचा कागद मारायचा, आधी जाड मग बारीक, नंतर रबिंग कंपाउंड आणि शेवटी वॅक्स. दोन दिवसांत नाव नवरीसारखी!

पण बुडाला फोड होते. वाटाण्याएवढे, काही रुपयाएवढे. मी मोजले, त्रेसष्ट भरले. एक फोडला तर आंबूस वासाचं चिकट पाणी निघालं.

आता गंमत बघा. आपल्याला वाटतं खारं पाणी वाईट, गोडं पाणी बिचारं गरीब. फायबरच्या बाबतीत उलटं आहे. जेलकोटमधून पाणी अगदी थोडं थोडं आत झिरपतं. आत राळेतले जे घटक विरघळण्यासारखे असतात त्यांचा दाट पाक तयार होतो, आणि तो पाक बाहेरचं पाणी आणखी ओढून घेतो. मनुका साध्या पाण्यात टाकल्या की टम्म फुगतात, साखरेच्या पाकात तेवढ्या फुगत नाहीत, तसंच हे. समुद्राचं पाणी मुळात खारट, त्यामुळे ओढ कमी. आमची तापी गोडी, म्हणून ओढ जास्त! त्यात ही नाव बाराही महिने पाण्यात. मग काय होणार?

एका रंगवाल्याने सांगितलं, "घासून, पुट्टी भरून, दोन हात मारून देतो, आठवड्यात पाण्यात टाका." मामेभावाचं म्हणणं वेगळं. रंग मारायचा आणि विकून मोकळं व्हायचं. मामांचं वय अडुसष्ट, गुडघे दुखतात, कशाला हा व्याप? त्याचंही चूक नव्हतं हो.

मामा बराच वेळ तंबाखू चोळत बसले. मग म्हणाले, "इकली तं घेणारा रंगच पाहीन. फोड तं मलेच ठाऊक राहतीन ना भाऊ."

झालं. विषय संपला.

कारागीर मिळाला तो धुळ्याचा. नावा बनवणारा नव्हे, कूलरच्या फायबर बॉड्या, पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या दुरुस्त करणारा. त्याने आपण माठ घेताना वाजवून बघतो तशी बुडाला टिचकी मारत अख्खी नाव ऐकली. जिथे आवाज बद्द आला तिथे खडूने गोल केले. मग म्हणाला, "पहिले वाळू द्या, मंग दखसूत."

फोड आले म्हणजे नाव लगेच बुडते असं नाही. बहुतेक वरवरचे असतात. पण आतल्या काचेच्या थरांत पाणी शिरून ते सुटायला लागले की मग ताकद जाते. म्हणून पाण्याखालच्या भागाचा जेलकोट ग्राइंडरने काढला. काचेची धूळ म्हणजे काय खाज असते ते विचारू नका. तोंडाला मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, तरी रात्री अंगाला आग.

त्यानंतर रोज सकाळी नाव पाण्याने धुवायची. वाळवायची म्हणून धुवायची! आतला तो पाक धुतला गेला नाही तर तो हवेतलीसुद्धा ओल धरून ठेवतो, कितीही ऊन द्या. मग प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावायचा आणि उन्हात ठेवून बघायचं, आतून दव धरतं का. पंधरा दिवस धरत होतं. अडीच महिने मामांची कमाई बंद. आखाजीला लेकी-बाळी माहेरी आल्या, तेव्हाही नाव पालथीच. गावातले लोक दुसऱ्याच्या नावेने जायला लागले. मामी रोज विचारायच्या, "वाळली का?"

वाळवायला आमचं ऊन सोन्यासारखं, पण राळेला तेच वैरी. दुपारी मिसळलेली राळ डब्यातच गरम होऊन दगड होते. हार्डनर फार कमी केलं तर ती नीट मुरत नाही. म्हणून पहाटे पाचला काम सुरू, नऊला बंद. खड्डे इपॉक्सीच्या पुट्टीने भरले, लांब पट्टीला कागद लावून सपाट केले, मग पाणी अडवणारे इपॉक्सीचे हात. कूलरची नेहमीची पॉलिएस्टर राळ इपॉक्सीवर नीट धरत नाही, म्हणून वर जेलकोट न देता दोन डब्यांचा पॉलियुरेथेन रंग दिला. निळाच, मामांच्या हट्टाखातर.

मृगाच्या सरी यायच्या आधी नाव पाण्यात गेली. पहिल्याच खेपेला मजूर बाया बसल्या. एक म्हणाली, "रंग चांगला मारला हो भाऊ." मामा नुसते हसले. अडीच महिन्यांतलं रंगाचं काम होतं दोन सकाळचं, पण दिसणार तेच!

मामेभाऊ हल्ली दर उन्हाळ्यात नाव महिनाभर काठावर वाळत ठेवतो आणि स्वतः टिचकी मारून बघतो. विकायचं अजून म्हणतो, पण आता म्हणतो, "घेणाऱ्याला सगळं सांगून इकू."

मला वाटतं, नाव तेवढ्यासाठीच दुरुस्त झाली.