फूटपट्टीएवढं अंतर

मुलांनो, गेल्या जूनमधली गोष्ट. आमच्या चौथीतल्या सुमीचे बाबा नोकरीसाठी न्यूयॉर्कला निघाले होते. सुमीनं विचारलं, "सर, ते किती लांब आहे हो?"

नुसता आकडा सांगून काय कळणार? मी कपाटातला पृथ्वीगोल काढला, ३० सेंटिमीटर व्यासाचा. सुमीनं दोऱ्याचं टोक मुंबईवर धरलं, मी दोरा न्यूयॉर्कपर्यंत ताणला. तो सरळ पश्चिमेला जाईल असं सगळ्यांना वाटलं. पण छे! दोरा वर उत्तरेला चढला आणि आइसलँडजवळून खाली उतरला. गोल पृथ्वीवर हीच सगळ्यांत जवळची वाट. दोरा मोजला, तर जेमतेम फूटपट्टीएवढा! प्रत्यक्षात मात्र सुमारे १२,५०० किलोमीटर. विमानाला साधारण १६ तास लागतात. परत येताना थोडे कमी, कारण उंचावर पश्चिमेकडून वाहणारे वारे विमानाला मागून ढकलतात.

"म्हणजे रात्री २ ला निघालेले बाबा संध्याकाळी ६ ला पोचणार," सुमी म्हणाली.

अगदी बरोबर! पण तिथल्या घड्याळात तेव्हा सकाळचे साडेआठच वाजलेले असणार. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं असतं, हिवाळ्यात साडेदहा.

"मग मी रात्री साडेनऊला झोपते, तेव्हा?"

"तिथं दुपारचे १२. बाबा डबा उघडत असतील."

सुमी हसली. तिनं दोरा गुंडाळून दप्तरात ठेवला. मी तो परत मागितला नाही.

तुमचंही कुणी दूर असेल, तर असा दोरा ताणून पाहा बरं!