छऱ्याचा क्रमांक

माझ्या वाचनात आलेल्या मराठी शिकारकथांत जंगल असते, मचाणावरची रात्र असते, जनावराची चाहूल असते. काडतुसात नेमके काय भरले होते हे मात्र सहसा सांगितलेले नसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा आपल्याकडे बव्हंशी आठवणींचा विषय झाला, त्यामुळे तो तपशील विचारण्याचे कारणही उरले नाही. पेनसिल्व्हेनियात घर केल्यावर मात्र मला असा शेजारी लाभला, की जो दर वसंतात टर्कीच्या शिकारीला जातो आणि त्याआधी कित्येक दिवस केवळ छऱ्यांचा विचार करतो. मी स्वतः बंदूक चालवत नाही. तरीही त्याच्या या विचारात मी गुंतत गेलो, कारण त्यात नुसते तंत्र नाही असे मला जाणवू लागले.

टर्की हा पक्षी आपल्याला अगदीच परका म्हणता येणार नाही. १६१२ च्या सुमारास मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीरासाठी जे अपूर्व पशुपक्षी आणले, त्यांत टर्कीही होता. बादशहाने त्याचे वर्णन आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आणि मन्सूरकडून त्याचे चित्र काढून घेतले; ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्या पक्ष्याचे पिसांविना उघडे डोके आणि मान तेवढी ध्यानात ठेवावी, कारण शिकाऱ्याचा सारा हिशेब तेवढ्याच जागेचा असतो.

टर्कीचे अंग दाट पिसांनी आणि छातीच्या जाड स्नायूंनी झाकलेले असते. तिथे छर्रे बसले, तर पक्षी जागीच पडेल याची शाश्वती नाही. तो पळत किंवा उडत दूर जातो आणि कुठल्याशा झुडपात, कोणी पाहत नसताना, सावकाश मरतो. म्हणून नेम धरायचा तो मेंदूवर आणि मानेच्या मणक्यांवर. नर पिसारा फुलवून मिरवत असतो तेव्हा मान आखडून घेतो. त्याने ती उंच करेपर्यंत जाणता शिकारी चाप ओढत नाही.

आता छऱ्यांचे गणित. अमेरिकी पद्धतीत क्रमांक जितका मोठा, तितका छर्रा लहान. १७ मधून क्रमांक वजा केला की छऱ्याचा व्यास इंचाच्या शतांशांत मिळतो. म्हणजे ४ क्रमांकाचा छर्रा ०.१३ इंचाचा, ६ क्रमांकाचा ०.११ इंचाचा. फरक नजरेला जाणवणारही नाही इतका सूक्ष्म. पण एक औंस शिशात ४ क्रमांकाचे सुमारे १३५ छर्रे बसतात, ५ चे १७० आणि ६ चे २२५. मोठा छर्रा वेग अधिक काळ टिकवतो आणि खोल शिरतो, पण असे छर्रे थोडे असतात. दोन छऱ्यांमधल्या रिकाम्या जागेत पक्ष्याचे डोके सुखरूप राहू शकते. लहान छऱ्यांची जाळी दाट असते, पण अंतर वाढले की त्यांच्यात हाड फोडण्याइतका जोर उरत नाही. संख्या हवी की बळ, हा प्रश्न शिसे वापरणाऱ्याला टाळता येत नाही. ४, ५ आणि ६ हे क्रमांक टर्कीसाठी रूढ झाले ते या तडजोडीतून.

आणि हे उत्तर पुस्तकात पाहून मिळत नाही, कारण प्रत्येक बंदुकीची नळी आणि तिच्या तोंडाशी बसवलेला चोक निराळा वागतो. एका एप्रिलमध्ये शेजाऱ्याने मला हे दाखवले. त्याने ४० यार्डांवर, म्हणजे १२० फुटांवर, मोठे कागद लावले, त्यांवर टर्कीचे डोके व मान रेखाटली आणि तीन प्रकारची काडतुसे झाडली. दहा इंचांच्या वर्तुळात १०० भोके पडली तर काडतूस चालेल, असा शिकाऱ्यांत एक संकेत आहे. सर्वांत चांगल्या कागदावर ११८ होती. मी खूश झालो, तेव्हा त्याने पेन्सिल माझ्या हाती दिली. ‘आता मेंदूवरची आणि मणक्यांवरची मोज,’ तो म्हणाला. ती नऊ भरली. नंतर त्याने दहा यार्डांवरून एक बार काढला; तिथे सारे छर्रे मुठीएवढ्या जागेत घुसले होते. जवळचा पक्षी हुकतो तो यामुळेच.

गेल्या काही वर्षांत या गणितात टंगस्टन आले. शिशाची घनता पाण्याच्या सुमारे ११ पट. या नव्या मिश्रधातूच्या छऱ्यांची सुमारे १८ पट. त्यामुळे ९ क्रमांकाचा, अवघा ०.०८ इंचाचा छर्रा शिशाच्या ५ क्रमांकाच्या तोडीने शिरतो असे मानले जाते, आणि एका औंसात असे छर्रे साडेतीनशेहून अधिक बसतात. काडतूस कित्येक पट महाग पडते, पण संख्या आणि बळ दोन्ही एकदम मिळतात. पूर्वी १२ बोअरची जड बंदूक लागे, तिथे आता २० बोअरची हलकी बंदूकही पुरते. शिवाय शिसे रानात पसरत नाही, ही गोष्ट लहान नव्हे. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे अमेरिकेने १९९१ पासून देशभर बंद केले, ते छर्रे गिळून पक्षी विषबाधेने मरत म्हणून. टर्कीला तो नियम लागू नाही, पण कॅलिफोर्नियाने २०१९ पासून सर्वच शिकारीत शिशाची गोळी व छर्रा वर्ज्य केला.

तरीही या सुधारणेने मला एका प्रश्नापाशी आणून सोडले. शिसे होते तेव्हा ४० यार्डांची मर्यादा धातूच घालून देत असे. पक्ष्याला जवळ बोलवावे लागे. त्यासाठी मादीचा आवाज काढायला शिकावे लागे, त्याच्या तीक्ष्ण नजरेसमोर तासन्‌तास निश्चल बसावे लागे. आता काडतूस ६० यार्डांवरही काम करील असे सांगितले जाते. पण अंतराचा अंदाज चुकण्याची माणसाची खोड तेवढीच आहे, आणि झुडपात जाऊन मरणारा पक्षी त्या आश्वासनात मोजलेला नसतो.

शेजारी आता टंगस्टनच वापरतो. बसायच्या जागेपासून ४० यार्डांवरचे एक झाड मात्र तो आजही आधी हेरून ठेवतो, आणि त्याच्या पलीकडल्या पक्ष्यावर बार काढत नाही. नवे काडतूस त्याने लांबच्या पक्ष्यासाठी घेतलेले नाही. जवळचा पक्षी नक्की मरावा म्हणून घेतले आहे. छऱ्याचा क्रमांक दुकानात निवडता येतो. अंतर मात्र ज्याचे त्यानेच ठरवायचे असते, आणि ते त्याने पाळले की नाही हे रानात तपासायला कोणी नसते.