समुद्रतळावरचे काळे गोटे

'खनिज' या शब्दातच खणणे गृहीत धरलेले आहे. ज्यासाठी कुदळ मारावी लागते, सुरुंग लावावा लागतो, ते खनिज. मध्य हिंदी महासागराच्या तळाशी, सुमारे पाच हजार मीटर खोलीवर, मात्र हा शब्द अडखळतो. तेथे बटाट्याएवढे काळे गोटे मऊ चिखलावर नुसते पसरलेले आहेत. त्यांत मँगॅनीज साधारण २४ टक्के, निकेल आणि तांबे प्रत्येकी एक टक्क्याच्या आसपास आणि कोबाल्ट ०.१ टक्क्याच्या थोडे वर.

असे गोटे प्रथम वर आले ते १८७३ साली, 'चॅलेंजर' जहाजाच्या मोहिमेत, कॅनरी बेटांच्या नैर्ऋत्येला. आपल्याकडे २६ जानेवारी १९८१ रोजी 'गवेषणी' या जहाजाने हिंदी महासागरातून पहिला गोटा काढला. ते श्रेय दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे. (संशोधन करणाऱ्या जहाजाला 'गवेषणी' म्हणणाऱ्याला भाषेचा कान होता, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.)

भूशास्त्र विभागातील एका सहकाऱ्यांनी असा एक गोटा माझ्या हातावर ठेवला होता. धातूचा म्हणून मी जड वस्तूची तयारी केली होती. तो अपेक्षेहून हलका निघाला आणि बोटांना काजळी लावून गेला. कापलेल्या गोट्यात कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. मधोमध ज्वालामुखी खडकाची कपची असते, नाहीतर एखाद्या शार्कचा दात.

या पापुद्र्यांचे रसायन विलक्षण आहे. खोल समुद्राच्या एका लिटर पाण्यात कोबाल्ट जेमतेम एका ग्रॅमचा अब्जांश. गोट्यात त्याचे प्रमाण पाण्यातल्यापेक्षा अब्जपटीच्या घरात जाते. हे घडते कसे? पाण्यात विरघळलेल्या मँगॅनीजचा प्राणवायूशी संयोग होऊन त्याचे ऑक्साइड बनते आणि ते कणाकणाने त्या दातावर किंवा कपचीवर बसते. या ऑक्साइडच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. जवळून जाणारे निकेल-तांब्याचे धनभारित अणू तो ओढून घेतो. कोबाल्टची गोष्ट याहून पक्की. मँगॅनीजचे ऑक्साइड त्याचे इलेक्ट्रॉन हिरावून त्याला अशा रूपात नेते, की तो पुन्हा सहजी विरघळत नाही. आलेला पाहुणा घरचाच होऊन राहतो म्हणा ना.

दुसरी वाट खालून येते. गाळातील सेंद्रिय द्रव्य कुजताना प्राणवायू संपतो, मँगॅनीज पुन्हा विरघळते, गाळातील पाण्यातून वर सरकते आणि प्राणवायू भेटताच गोट्याच्या खालच्या अंगाला चिकटते. या वाटेने वाढलेले गोटे खडबडीत असतात आणि त्यांत निकेल-तांबे अधिक. केवळ वरच्या पाण्यावर पोसलेले गुळगुळीत, त्यांत लोह आणि कोबाल्ट अधिक. हाताच्या स्पर्शाने गोट्याचा आहार ओळखता यावा, याचे मला अजून नवल वाटते.

वरच्या पाण्यावर पोसणाऱ्या गोट्याची वाढ दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर. आपली मानवजात सुमारे तीन लाख वर्षांची. तेवढ्या अवधीत असा गोटा एखाद्या मिलिमीटरने जाड झाला असेल. गाळ तर त्याहून कितीतरी वेगाने साचतो. मग हे गोटे केव्हाच गाडले जायला हवे होते! चिखलात वावरणारे प्राणी त्यांना हलवून वर ठेवत असावेत, असा एक तर्क आहे. पण कोडे पुरते सुटलेले नाही.

भारताने २००२ साली आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी शोधाचा करार केला. आपल्याकडच्या ७५ हजार चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सुमारे ३८ कोटी टन गोटे असल्याचा अंदाज आहे. हे धातू विजेऱ्यांना हवेत. आणि जमिनीवरच्या कोबाल्टसाठी काँगोतल्या खाणींत लहान मुले राबतात, हेही खरे. तेव्हा समुद्राकडे वळणाऱ्याला सरसकट लोभी ठरवणे मला जमणार नाही. माझी तक्रार आहे ती शब्दाविषयी. या गोट्यांच्या बाबतीत इंग्रजीत 'हार्वेस्टिंग' म्हणतात. म्हणजे कापणी, सुगी. सुगी पुढल्या वर्षी परत येते, म्हणूनच ती सुगी. ज्याला दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढायचे आहे, त्याचे पीक कसले?

योगायोग असा, की या तळावर एकदा खरोखरच नांगर फिरला आहे. १९८९ साली पेरूच्या समोरील प्रशांत महासागरात जर्मन शास्त्रज्ञांनी नांगरासारखे अवजार ओढून पाहिले. खाणकामानंतर तळाचे काय होईल, याचा तो प्रयोग होता. २०१५ मध्ये तेथे पुन्हा कॅमेरे सोडले, तेव्हा २६ वर्षांपूर्वीचे तास स्पष्ट दिसत होते. पाणी गाळून जगणारे, एका जागी चिकटून राहणारे जीव त्या तासांत फारच थोडे परतले होते.