तीन चौरसांचा एक चौरस

माझा सगळा आठवडा आकड्यांत जातो. वेबसाइटवरचे आलेख आणि नकाशे बनवणं हे माझं काम, आणि तिथे स्क्रीनवरच्या प्रत्येक बिंदूला दोन आकड्यांचा पत्ता असतो. शनिवारी मात्र मी कागद, पट्टी आणि शाळेच्या कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन बसते आणि टाइल्सची नक्षी काढते. त्यात एकही माप घ्यावं लागत नाही.

सुरुवात करायची असेल तर ‘चांदणी आणि क्रूस’ घ्या. इराणमधल्या काशान शहरात तेराव्या शतकात या आकारांच्या टाइल्स बनत. आधी एक आडवी रेघ ओढा. तिच्यावर टोक टेकवून वर्तुळ काढा. वर्तुळ रेघेला जिथे छेदतं त्या दोन बिंदूंवरून, कर्कटक थोडं जास्त उघडून, वर आणि खाली कंस मारा. कंस एकमेकांना कापतात ते बिंदू जोडले, की काटकोनात उभी रेघ मिळते. कोनमापक पेटीतच राहतो. याच पद्धतीने मधले कोन दुभागले की वर्तुळावर आठ बिंदू होतात. एक सोडून एक बिंदू जोडला की एक चौरस, उरलेले चार जोडले की दुसरा, तिरका. दोन्ही मिळून आठ टोकांची चांदणी. अशा चांदण्या रांगांमध्ये टोकाला टोक लावून मांडल्या, की मधल्या रिकाम्या जागेत क्रूस दिसायला लागतो. तो वेगळा काढावाच लागत नाही.

हीच नक्षी कोडमध्ये काढायची तर दोनाचं वर्गमूळ लागतं. १.४१४२१३… ही रांग संपत नाही, कॉम्प्युटर ती कुठेतरी तोडतो. कागदावर तीच लांबी चौरसाचा कर्ण म्हणून समोर पडलेली असते. कर्कटक उघडून ती उचलायची आणि हवी तिथे ठेवायची.

हे असं लांबी उचलून ठेवणं मला नवीन नव्हतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तीस वर्षं फरशी बसवली. खोली काटकोनात आहे का हे बघायला ते कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण करत, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमध्ये टेप धरत. पाच फूट भरले तर गुण्यात. रविवारी टेपचं दुसरं टोक माझ्या हातात असायचं. शाळेत पुढे पायथागोरसचं प्रमेय आलं तेव्हा ते मला आमच्या घरचंच वाटलं.

इंजिनिअरिंगला प्रवेश घेताना खिडकीतल्या माणसाने वडिलांचा व्यवसाय विचारला. अण्णा म्हणाले, “फरशी बसवतो.” त्याने लिहिलं, ‘मजुरी’. अण्णा काही बोलले नाहीत. तो शब्द चार वर्षं माझ्या फाइलमध्ये राहिला.

नक्षीच्या नादात मला अबुल वफा बूझजानी भेटला. जन्म ९४० सालचा, काम बगदादमध्ये. मोठा गणिती, पण त्याने कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवर एक वेगळं पुस्तक लिहिलं. त्यात कारागीर आणि भूमितीचे जाणकार एकत्र बसलेल्या बैठकांचा उल्लेख आहे. प्रश्न असा, की तीन सारखे चौरस कापून एकच मोठा चौरस कसा करायचा? जाणकारांना त्याची बाजू रेघेने दाखवता येत होती, कापायचं कसं ते सांगता येत नव्हतं. कारागीर कापून दाखवत, ते डोळ्यांना पटे, पण सिद्धतेत टिकत नसे. अबुल वफाने दोघांच्याही चुका दाखवल्या आणि दोघांनाही चालेल असं उत्तर दिलं.

दोन चौरस कर्णावर कापायचे, चार त्रिकोण होतात. प्रत्येकाची लांब बाजू तिसऱ्या चौरसाच्या एकेका बाजूला लावायची, एक टोक कोपऱ्यावर ठेवून, चारही एकाच दिशेने, भिरभिऱ्यासारखे. मग त्रिकोणांचे काटकोनी कोपरे रेघांनी जोडायचे. रेघेबाहेर राहिलेले तुकडे कापून आतल्या रिकाम्या जागांत बसवायचे. झाला चौरस.

हे मी पुठ्ठ्यावर कापून अण्णांना दाखवलं. गुडघ्यांमुळे त्यांनी आता काम सोडलंय. त्यांनी तुकडे हातात घेऊन कडा तपासल्या, मांडले, विस्कटले, परत मांडले.

“माल वाया नाही जात कुठं,” ते म्हणाले. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत वाया जाणाऱ्या मालाबद्दल आम्हाला कुणी एकदाही विचारलं नव्हतं.

मग मी त्यांना त्या बैठकांबद्दल सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले.

“मिस्त्री लोकांना बोलवायचे बैठकीला?”

“हो, अण्णा.”

“आणि ऐकून घ्यायचे?”

“पुस्तकात लिहून ठेवलंय.”

अण्णांनी मान हलवली आणि पुठ्ठ्याचे तुकडे चौथ्यांदा मांडायला घेतले.