कडेवरचं नाव

१९८० साली चांदीचा भाव भडकला आणि बाबांनी आजोबांचा बिल्ला खेडच्या बाजारात मोडला. बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं. आई नको म्हणाली, तर बाबा म्हणाले, “ठेवून त्याचा काय लोणचा घालायचाय?” पावणेतीन तोळे भरला. मी सोबत होतो, नुकतीच दहावी झालेली. सोनार म्हणाला, कडेला काहीतरी कोरलंय. मला इंग्रजी वाचता येत होतं, पण लाजेने रस्त्याकडे बघत राहिलो.

आजोबा ११० मराठा पलटणीत शिपाई. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडले. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. दाणा संपला तेव्हा घोडे कापले. आपल्यातल्या कित्येकांनी ते मांस बरेच दिवस तोंडाला लावलं नाही. शेवटी जनरल टाउनशेंड शरण गेला, हजारो शिपाई कैदेत पडले, त्यातले पुष्कळ परत आले नाहीत. आजोबा आले. पुढे आमच्या ताटात एक शीत राहिलं तरी त्यांचा हात उठायचा. लढाईबद्दल मात्र चकार शब्द नाही.

त्या मेडलवर एका अंगाला पंचम जॉर्ज, दुसऱ्या अंगाला घोड्यावर बसलेला नागडा माणूस. आम्ही पोरं त्याला हसायचो. कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण. गाव नाही.

पुढे मोडीत आलेली असली मेडलं मी हुडकू लागलो. कुणाच्या दारात जाऊन मागत नाही. सोनाराकडे, भंगारवाल्याकडे आलं तेवढंच घेतो. नाव ओळखीचं निघालं तर नेऊन देतो. एका घरी पोराने उंबऱ्यातच विचारलं, “काका, विकलं तर कितीला जाईल?” दुसऱ्या घरी म्हाताऱ्या सुनेने ते देवघरात टाकांशेजारी ठेवलं, हळदकुंकू वाहिलं.

२२ जुलै २०२१ ला जगबुडी बाजारात शिरली. पाणी ओसरल्यावर एका सोनाराकडे गाळ काढू लागलो, तर मोडीच्या डब्यात तेच मेडल. छाती धडधडली. मोडलेलं परत कुठून येणार, हे कळत होतं तरी. कड ब्रशने घासली. नावात सिंग, पलटण ४७ शीख. खेडात कसं आलं ते सोनारालाही सांगता येईना. चांदीच्या भावाने घेतलं.

मग वाचून काढलं. ४७ शीख आधी फ्रान्समध्ये लढली, मग मेसोपोटेमियात, कुतचा वेढा फोडायला निघालेल्या फौजेत. वेढा काही फुटला नाही. आमचे आजोबा आत उपाशी आणि हा बाबा बाहेर गोळ्या खात होता. त्यांचा बिल्ला आम्ही वितळवला, ह्याचा माझ्या घरात.

मुंबईचा एक दलाल वजनाच्या कितीतरी पट पैसे द्यायला तयार होता. नाही दिलं.

मागच्या उन्हाळ्यात भरणे नाक्यावर एक सरदारजी ट्रकवाला चहा घेत होता. त्याला दाखवलं. त्याने हात धुतले, मेडल कपाळाला लावलं, कड उन्हात धरून नाव दोनदा वाचलं. म्हणाला, या नावाचे आमच्याकडे गावोगाव चार-चार सापडतील. मग मोबाइलवर दोन्ही अंगांचे आणि कडेचे फोटो काढले, माझा नंबर घेतला आणि गाडी गोव्याकडे काढली.