खातं निष्क्रिय होण्याआधी

‘मॅडम, माझं खातं डॉर्मंट झालं आणि बँकेने सगळे पैसे खाल्ले.’ शाखेत असताना ही तक्रार ऐकत होते, निवृत्तीनंतर सोसायटीतही ऐकते. पैसे गेलेले असतात हे खरं, पण कारण बहुधा वेगळंच निघतं. निष्क्रिय खात्यातून मिनिमम बॅलन्सचा दंड कापायला रिझर्व्ह बँकेने 2014 मध्येच मनाई केली आहे. एप्रिल 2024 पासूनच्या नियमांनुसार ते खातं पुन्हा सुरू करायलाही शुल्क घेता येत नाही, आणि बचत खात्यावरचं व्याज जमा होत राहतं. सहकारी बँकांनाही हे लागू आहे. (पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिथे यातलं काहीच गृहीत धरू नका.)

मग पैसे जातात कधी? खातं निष्क्रिय ठरायला दोन वर्षांहून जास्त काळ ग्राहकाने काहीही केलेलं नसावं लागतं. बँकेने जमा केलेलं व्याज आणि कापलेले चार्जेस यात धरत नाहीत. ही दोन वर्षं खातं बँकेच्या लेखी जागंच असतं, त्यामुळे त्याला सगळे दंड लागतात.

सॅलरी अकाउंटचं उदाहरण घ्या. नोकरी बदलली, पगार यायचा थांबला, की काही महिन्यांत बँक त्याचं साधं बचत खातं करते आणि मिनिमम बॅलन्सची अट येते. समजा खात्यात 2,300 रुपये उरलेत आणि दंड महिना 500. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 590. तीन महिन्यांत 1,770 गेले. चौथ्या महिन्यात उरलेले 530ही गेले. संरक्षण मिळायला अजून वर्षाहून जास्त काळ आहे! दंड लावण्याआधी ग्राहकाला कळवून महिन्याची मुदत द्यायची, असा नियम आहे. बँक कळवतेही, पण जुन्या ऑफिसच्या ईमेलवर नाहीतर बंद पडलेल्या नंबरवर.

केवळ या दंडापायी शिल्लक उणे करता येत नाही. पण काही बँका थकीत रक्कम नोंदवून ठेवतात आणि पैसे जमा होताच ती वळती करतात. ऑगस्ट 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते आले, तेव्हा हे गावोगावी दिसलं. सरकारी पैसा आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. बाईंना ते खातं आठवतही नसतं, बँकेला मात्र बाकी आठवत असते. हप्त्यातून चार्जेस कापू नका, असं राज्य सरकारला बँकांना सांगावं लागलं.

खातं सांभाळायला खर्च येतो, हा बँकांचा युक्तिवाद मी आतून ऐकलेला आहे आणि तो खोटा नाही. पण जो ग्राहक ना शाखेत येतो, ना एटीएम वापरतो, त्याचा खर्च सगळ्यांत कमी. दंड मात्र त्यालाच सर्वाधिक. सहा महिने व्यवहार नसेल तर दंड थांबवावा, असं माझं मत आहे. त्याने बँका बुडणार नाहीत. स्टेट बँकेने एप्रिल ते नोव्हेंबर 2017 या आठ महिन्यांत या दंडातून 1,771 कोटी रुपये मिळवले; मार्च 2020 मध्ये तिने तो रद्दच केला. 2025 मध्ये आणखी काही सरकारी बँकांनीही सोडला. खासगी बँकांत बहुतेक ठिकाणी अट कायम आहे.

तेव्हा नोकरी सोडताना पीएफइतकीच चौकशी या खात्याचीही करा. नको असेल तर शिल्लक काढून थांबू नका. अर्ज देऊन खातं बंद करा आणि तसं लेखी घ्या. दहा वर्षं पडून राहिलेले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, वारसांनाही ते मागता येतात, आणि ‘उद्गम’ पोर्टलवर नावाने शोधता येतात. चार्जेसमध्ये गेलेले 2,300 रुपये त्या पोर्टलवर सापडणार नाहीत.